बरसीम आणि लसूणघास: नाते जवळचे, पण रान वेगळे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर रब्बीतील हिरव्या चाऱ्यासंबंधी अलीकडे प्रसिद्ध झालेल्या मजकुरात बरसीम आणि लसूणघास यांची नावे जोडीने, एकाचे बियाणे मिळाले नाही तर दुसरे पेरावे अशा रीतीने दिली होती. असाच सल्ला चारा मेळाव्यांतून, दूध संकलन केंद्रांवरील फलकांतून आणि बियाण्यांच्या दुकानांतूनही ऐकायला मिळतो. सांगली आणि सातारा या जिल्ह्यांत एका तालुक्यातून शेजारच्या तालुक्यात गेले तरी जमीन, पाऊस आणि पाण्याची हमी बदलते, आणि म्हणूनच हा सरसकट सल्ला येथील पशुपालकाला महागात पडतो. दोन्ही पिके उत्तम आहेत, याबद्दल वाद नाही. मात्र त्यांचे आयुष्य, त्यांना मानवणारी हवा, त्यांना लागणारी जमीन आणि त्यांच्या मुळांवर काम करणारे जिवाणू इतके वेगळे आहेत की कोणत्या रानात काय पेरायचे हे ठरवल्याशिवाय बियाण्याच्या दुकानाची पायरी चढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बरसीम हा खरा क्लोव्हर, म्हणजे तीन पर्णिकांच्या पानांचे द्विदल चारापीक आहे. वनस्पतिशास्त्रात ज्या प्रजातीला ट्रायफोलियम म्हणतात तिच्यात सुमारे अडीचशे जाती मोडतात. युरोप आणि न्यूझीलंडच्या कुरणांतील पांढरा व तांबडा क्लोव्हर त्यांपैकीच, आणि इजिप्तमधील बरसीम, म्हणजे ट्रायफोलियम अलेक्झांड्रिनम, हाही त्यांपैकीच. नाईलच्या खोऱ्यात कापसाच्या फेरपालटीत हिवाळी चारा म्हणून घेतले जाणारे हे पीक विसाव्या शतकाच्या आरंभी सिंध प्रांतात आणले गेले आणि तेथून पंजाब व उत्तर भारतातील कालव्याखालच्या मुलखात पसरले. लसूणघास, म्हणजे मेडिकॅगो सटायव्हा, हा इराण आणि मध्य आशियाकडचा; जगात त्याला ल्यूसर्न किंवा अल्फाल्फा म्हणून ओळखतात. दोघेही द्विदल कुळाच्या एकाच शाखेतले असल्याने त्यांचे नाते आहेच, परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने लसूणघासाला बरसीमपेक्षा आपली मेथी अधिक जवळची आहे. ही गोष्ट केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाची नाही. पुढे जिवाणूखताचा विचार करताना तिचा प्रत्यक्ष उपयोग होतो.

रानात उभे पीक ओळखणे अवघड नाही. दोघांचेही पान तीन पर्णिकांचे असते, पण लसूणघासाची मधली पर्णिका स्वतःच्या छोट्या देठावर थोडी पुढे आलेली असते आणि पर्णिकांच्या टोकाकडच्या कडा बारीक दातेरी असतात. बरसीमच्या तिन्ही पर्णिका जवळजवळ एकाच बिंदूतून फुटतात. लसूणघासाला जांभळी फुले येतात आणि शेंग स्प्रिंगसारखी वळलेली असते, तर बरसीमला पिवळसर पांढऱ्या फुलांचे गोंडे येतात. बरसीमची कांडी पोकळ व लुसलुशीत असते. लसूणघासाची कांडी कापणीला उशीर झाला की काष्ठमय होते आणि जनावरे ती गव्हाणीत शिल्लक ठेवतात.

आता मुख्य फरकाकडे येतो. बरसीम हे एका हंगामाचे पीक आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरणी केली की पहिली कापणी साधारण ५० दिवसांनी आणि त्यानंतरच्या कापण्या दर २५ ते ३० दिवसांनी मिळतात. पंजाब-हरियाणात थंडी लांबत असल्यामुळे त्याच्या कापण्याही अधिक होतात, पण आपल्याकडे फेब्रुवारी सरताच ऊन तापू लागते, बरसीम फुलावर येतो आणि त्याची वाढ मंदावते. चार, फार तर पाच कापण्या हाती लागतात आणि एप्रिलमध्ये रान मोकळे होते. व्यवस्थित जोपासलेल्या पिकातून हेक्टरी ६० ते ८० टन हिरवा चारा मिळतो. लसूणघास एकदा पेरला की तीन वर्षे तरी राहतो. त्याचे सोटमूळ काही मीटर खोल जाते आणि कापणीनंतर जमिनीलगतच्या गड्ड्यातून नवे फुटवे येतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ हा वाण आपल्या भागात याच कारणाने रुजला. पाण्याची सोय असेल तर वर्षाला आठ-दहा कापण्या आणि हेक्टरी १०० टनांच्या घरात चारा तो देतो.

हे आकडे शेजारी ठेवून लसूणघास सरस असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. परंतु लसूणघासाचे हे उत्पादन बारा महिने रान अडकवून आणि बारा महिने पाणी देऊन मिळालेले असते. वाळवा किंवा पलूस तालुक्यातील ज्या शेतकऱ्याचे सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघते आणि ज्याला त्याच रानात पुढच्या जुलैमध्ये आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावायचा दीड वर्षाचा ऊस लावायचा असतो, त्याच्यासाठी लसूणघासाचा विचारच गैरलागू आहे. त्याच्याकडे मधले आठ-नऊ महिने आहेत आणि तेवढ्यात बरसीम आपले काम पुरे करून रान परत देतो, तेही मुळांवरच्या गाठींतून जमिनीत नत्राची भर घालून. मात्र त्याच शेतकऱ्याने खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुंध्यांतून फुटलेले पुढचे पीक) तुटल्यावर जानेवारीत मोकळ्या झालेल्या रानात बरसीम टाकला तर फुटवे येईपर्यंत थंडी संपलेली असते आणि बियाण्याचा खर्चही निघत नाही. ‘रब्बी चारा’ एवढ्याच शब्दांवर विसंबून जानेवारीत पेरलेले बरसीमचे फसलेले प्लॉट मी आमच्या भागात पाहिले आहेत, म्हणून हे आवर्जून लिहितो.

याच्या उलट स्थिती खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडील माण, खटाव या पट्ट्यात आहे. येथे वार्षिक पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, जमीन मध्यम खोलीची व निचऱ्याची, आणि टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा सिंचन योजनांच्या आवर्तनाला, म्हणजे पाळीने सुटणाऱ्या पाण्याला, विहिरीची किंवा शेततळ्याची जोड. अशा ठिकाणी लसूणघासाच्या खोल मुळाचा खरा उपयोग होतो. एखादे आवर्तन लांबले तर त्याची वाढ थांबते, पण गड्डा जिवंत राहतो आणि पाणी मिळताच तो पुन्हा फुटतो. बरसीमची मुळे उथळ. त्याला पहिली दोन पाणी चार-पाच दिवसांच्या अंतराने हलकी द्यावी लागतात, पुढे दर दहा-बारा दिवसांनी पाणी हवेच, आणि एक पाळी चुकली की ती कापणी गेल्यात जमा. आणखी असे की दुष्काळी पट्ट्यात वैरणीची खरी चणचण एप्रिल ते जून या काळात असते आणि नेमका तेव्हा बरसीम रानात नसतो. माणदेशातील खिल्लार गाई सांभाळणाऱ्यांना किंवा संकरित गाईंच्या गोठेवाल्यांना उन्हाळ्यात द्विदल चारा देऊ शकेल असे या दोहोंतले पीक लसूणघासच आहे, मग पाच-दहा गुंठे का असेना.

कृष्णाकाठच्या भारी, पाणी धरणाऱ्या काळ्या जमिनींचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडायला हवा. मिरज, वाळवा आणि पलूस तालुक्यांत अति सिंचनामुळे पाणथळ आणि क्षारपड झालेले क्षेत्र मोठे आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. लसूणघासाला साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. पावसाळ्यात दोन-तीन दिवस वाफ्यात पाणी राहिले की मुळे आणि गड्डा कुजतात, आणि तीन वर्षांच्या हिशेबाने पेरलेले पीक पहिल्याच श्रावणात विरळ होते. बरसीम पावसाळ्यात रानात नसतोच, शिवाय ओलसर भारी जमीन त्याला अधिक मानवते. पंजाब-हरियाणात जिप्सम टाकून सुधारलेल्या चोपण (सोडियममुळे घट्ट झालेल्या) जमिनींत भातानंतर बरसीम घेण्याची पद्धत आहे, ती याच गुणामुळे. मात्र यावरून बरसीम क्षार शोषून जमीन सुधारतो असा समज करून घेऊ नये, कारण मिठाचे प्रमाण वाढलेल्या रानात दोन्ही पिकांची उगवण सारखीच मार खाते आणि तेथे आधी चर काढून निचरा करण्याला पर्याय नाही. साताऱ्याच्या पश्चिमेला, जावळी, पाटण आणि महाबळेश्वरच्या बाजूला, पाऊस मुबलक. खुद्द महाबळेश्वरात तो सरासरी ५००० मिलिमीटरहून अधिक. तेथील तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत लसूणघास पेरणे म्हणजे बियाणे वाया घालवणे होय, कारण पावसाबरोबरच जमिनीचा आम्लपणाही त्याला आणि त्याच्या जिवाणूंना बाधतो.

या जिवाणूंबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण याच बाबतीत सर्वांत जास्त गफलत होते. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींमध्ये रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु एका पिकाचा जिवाणू दुसऱ्या पिकावर चालतोच असे नाही. क्लोव्हर वर्गाचा जिवाणू वेगळा आणि लसूणघासाचा वेगळा. लसूणघासाचा जिवाणू मेथीच्या मुळांवरही गाठी करतो. वर सांगितलेल्या नात्याचा उपयोग तो हाच. त्यामुळे ज्या वाफ्यांत वर्षानुवर्षे मेथीची भाजी घेतली आहे तेथे लसूणघासाला गाठी आपोआप येण्याची बरीच शक्यता असते. बरसीमचे तसे नाही. आपल्या भागातल्या बहुतेक जमिनींत यापूर्वी कोणताही क्लोव्हर पिकलेला नाही, त्यामुळे त्याचा जिवाणू मातीत पुरेसा असण्याची खात्री देता येत नाही आणि पहिल्या वर्षी बीजप्रक्रिया टाळली तर पीक पिवळे पडून खुरटते. मग शेतकरी युरियाची मात्रा वाढवतो, तण माजते आणि बरसीम आपल्याकडे येत नाही असा शेरा मारला जातो. दुकानात सोयाबीनचे किंवा हरभऱ्याचे रायझोबियम सहज मिळते आणि ‘सगळे एकच’ म्हणून तेच हाती दिले जाते; त्याचा बरसीमला काडीचाही उपयोग नाही. पाकिटावर कोणत्या पिकासाठी ते लिहिलेले असते, ते वाचून घ्यावे, मुदत पाहावी, गुळाच्या थंड पाण्यात कालवून १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम या प्रमाणात चोळावे आणि बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. महिना-सव्वा महिन्यांनी दोन-चार रोपे मातीसह अलगद उपटून गाठ नखाने फोडून पाहावी. आतून गुलाबी निघाली तर जिवाणू काम करीत आहेत आणि पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाहीत. हेक्टरी २० किलो नत्र पेरणीच्या वेळी पुरते. दोन्ही पिकांची खरी भूक स्फुरदाची असते आणि त्यासाठी हेक्टरी ८० किलोची शिफारस आहे.

बियाण्याच्या शुद्धतेबाबतही दोघांचे शत्रू निरनिराळे आहेत. बरसीमच्या बियाण्यात कासनी या तणाचे बी मिसळलेले असते. ते हलके असल्याने मिठाच्या पाच ते दहा टक्के द्रावणात बियाणे टाकले की वर तरंगते, ते काढून टाकता येते, आणि खाली बसलेले बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन मगच जिवाणूखत लावायचे असते. मीठ राहिले तर जिवाणू मरतात, म्हणून धुण्यात कसूर करू नये. लसूणघासाचे संकट याहून गंभीर आहे, ते म्हणजे अमरवेल. या परोपजीवी वेलीला स्वतःची पाने नसतात, उगवल्यावर ती लसूणघासाला विळखा घालते, जमिनीशी असलेला संबंध तोडते आणि यजमानाच्या रसावर जगते. तिचे बी जमिनीत अनेक वर्षे टिकून राहते. बरसीममधली कासनी एका हंगामापुरती त्रास देते आणि जनावरे ती खातातही; अमरवेल मात्र एकदा शिरली की बहुवर्षीय पिकाचा प्लॉटच मोडावा लागतो. पिवळ्या दोऱ्यांचा गुंता दिसताच तेवढा भाग फुलावर येण्यापूर्वी पिकासह कापून जाळून टाकणे हाच उपाय आहे, आणि शेजाऱ्याच्या रानातून घरचे म्हणून आणलेले बियाणे चाळून, पारखून घेतल्याशिवाय पेरू नये. एवढे असूनही सुट्या बियाण्याच्या पिशवीवर जातीचे नावसुद्धा नसते, ही खेदाची गोष्ट आहे.

गोठ्याच्या बाजूने पाहता दोघांत फारसे अंतर नाही. कोरड्या वजनावर दोघांतही साधारण १७ ते २० टक्के प्रथिने असतात आणि कॅल्शियम भरपूर असते. आपल्याकडे याचे महत्त्व दुप्पट आहे, कारण साखर कारखाने चालू असेपर्यंत म्हशी-गाई मुख्यतः उसाच्या वाढ्यांवर, म्हणजे तोडणीत निघणाऱ्या हिरव्या शेंड्यांवर पोसल्या जातात. वाढ्यांत प्रथिने कमी आणि ऑक्झलेट जास्त; हे ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून टाकते आणि दुभत्या जनावराची हाडे झिजतात. गळीत हंगाम आणि बरसीमचा हंगाम जवळपास एकाच वेळी येतात, म्हणून ऊसपट्ट्यातल्या गोठ्यात बरसीमला मोठे स्थान मिळायला हवे, असे मी आग्रहाने सांगतो. लसूणघासाने तेच काम होते, पण त्यासाठी रान वर्षभर अडकते.

एक धोका दोघांनाही समान आहे, तो पोटफुगीचा. कोवळा, दवाने भिजलेला द्विदल चारा उपाशीपोटी भरपूर खाल्ला की पोटात फेस तयार होतो, वायू बाहेर पडत नाही, डावी कूस फुगते आणि वेळीच उपचार झाला नाही तर जनावर दगावते. बरसीममध्ये पाण्याचा अंश फार असल्यामुळे जनावर तो अधाशीपणे खाते, म्हणून पहिल्या-दुसऱ्या कापणीला विशेष सावध राहावे लागते. आधी कडबा द्यावा, चारा काही तास सुकवावा, आणि एकूण हिरव्या चाऱ्यात द्विदलाचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास ठेवून बाकी मका, कडवळ किंवा नेपियर द्यावे. बरसीममध्ये पेरतानाच थोडा ओट मिसळला तर पहिली कापणीही भरते आणि हा धोकाही कमी होतो.

मोबाईलवरील जाहिरातींतून ‘पांढरा क्लोव्हर’ या नावाने बियाणे विकत घेणारे काही तरुण पशुपालक अलीकडे भेटले. न्यूझीलंडच्या हिरव्यागार कुरणांची चित्रे पाहून त्यांचा उत्साह वाढणे स्वाभाविक आहे, परंतु पांढरा आणि तांबडा क्लोव्हर हे थंड, ओलसर हवामानाचे आहेत; सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे सरकतो तेव्हा त्यांचा टिकाव लागत नाही. क्लोव्हरच पेरायचा असेल तर आपल्या मैदानी भागासाठी बरसीम आहे, त्यासाठी झाशीच्या भारतीय चारा संशोधन संस्थेने विकसित केलेला वरदान किंवा जुना मेस्कावी असे परिचित वाण आहेत, आणि त्याची पेरणी दिवाळीच्या आसपास उरकायची असते.

या पत्राद्वारे कृषी आणि पशुसंवर्धन विभागांना तसेच दूध संघांना माझी विनंती आहे की अनुदानावर द्विदल चारा बियाणे वाटताना सर्व तालुक्यांना एकच पिशवी देऊ नये. ऊसपट्ट्यात बरसीम आणि पूर्वेकडील निचऱ्याच्या जमिनींसाठी लसूणघास अशी विभागणी करावी, प्रत्येक पिशवीबरोबर त्याच पिकाचे जिवाणूखत द्यावे, आणि हे वाटप सप्टेंबरअखेर पूर्ण करावे. डिसेंबरमध्ये हाती आलेला बरसीम कोणाच्याच उपयोगाचा नाही. सुटे बियाणे विकणाऱ्यांवर जात, वाण आणि शुद्धतेची टक्केवारी लिहिण्याचे बंधन कसोशीने पाळले जावे. आपल्या दैनिकाने सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तालुकानिहाय चारापिकांची माहिती दोन्ही पिके वेगवेगळी दाखवून प्रसिद्ध केली, तर पेरणीपूर्वी माती तपासून घ्यायलाही लोकांना वेळ मिळेल.

आपला नम्र,
एक दूध उत्पादक शेतकरी
ता. पलूस, जि. सांगली